स्विचच्या पोर्टवर कोण? : एका दुर्लक्षित विषयाची प्रस्तावना

नेटवर्क सुरक्षा म्हटले की आपल्याकडे बोलणे पासवर्ड, फसवे ईमेल, ओटीपी आणि फार झाले तर फायरवॉल एवढ्यावर संपते. जिन्याखालच्या कपाटात किंवा फॉल्स सीलिंगच्या वर टांगलेल्या, दिवे लुकलुकवणाऱ्या स्विचची आठवण कोणाला होत नाही. तो बंद पडला की होते. कार्यालयातला प्रत्येक संगणक, फोन, प्रिंटर, कॅमेरा आणि हजेरीचे यंत्र शेवटी याच पेटीच्या कुठल्या ना कुठल्या पोर्टला जोडलेले असते. तरी खरेदीच्या वेळी स्विचचा विचार 'पोर्ट किती' आणि 'वेग किती' या दोन प्रश्नांत आटोपतो. त्या पोर्टला कोणी केबल लावली तर स्विचने काय करावे, हा तिसरा प्रश्न टेंडरमध्ये क्वचितच दिसतो. पुढची प्रकरणे त्या तिसऱ्या प्रश्नाची आहेत.

खरे तर हा प्रश्न स्विचला पडावा अशी त्याची घडणच नाही. २२ मे १९७३ रोजी बॉब मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात एक टिपण लिहिले आणि त्यातून ईथरनेट जन्माला आले. त्या मूळ ईथरनेटमध्ये एकच केबल सगळ्यांची. एकाने पाठवलेले सर्वांपर्यंत पोहोचायचे आणि आपल्या नावचे नसेल ते प्रत्येक यंत्राने मुकाट्याने सोडून द्यायचे, असा सभ्यपणाचा करार. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७६ मध्ये हे काम निबंधरूपाने जगापुढे मांडले, तेव्हाही केबलवर बसलेली माणसे एकाच संस्थेतली होती. संरक्षण करायचे तर कोणापासून, हा सवाल त्या काळी विचित्रच वाटला असता.

ऐंशीच्या दशकात यंत्रे वाढली, केबल कमी पडू लागली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये मार्क केम्फ यांनी केबलचे तुकडे जोडणारा, आपणहून शिकणारा ब्रिज तयार केला आणि तिथल्याच रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ब्रिजांच्या जाळ्यात फेरे पडू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री ही पद्धत बसवली. आज आपण ज्याला स्विच म्हणतो तो १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीने आणला. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. कंपनीचे नाव भारद्वाज यांच्या पत्नीचे. पहिल्या ईथरस्विचला सात पोर्ट होते. चार वर्षांत सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. लोकांनी स्विच घेतला तो वेगासाठी. दोघांचे बोलणे तिसऱ्याला ऐकू जात नाही हा फायदा ओघाने मिळालेला. त्याआधीचा हब आलेले सगळे सर्व पोर्टांवर ऐकवी. पण हा फायदा लवकरच सुरक्षेच्या खात्यात जमा झाला. 'आमच्याकडे हब नाही, स्विच आहे, त्यामुळे चिंता नाही' हे वाक्य नव्वदच्या दशकात सर्रास चाले.

त्या भ्रमाला तडा कसा गेला हे समजण्यासाठी स्विचच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. अभ्यासकाने इथे घाई करू नये, कारण पुढचे सारे यावर उभे आहे. पोर्टमधून एखादी फ्रेम, म्हणजे माहितीचे एक पाकीट, आत आली की स्विच तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता वाचतो आणि 'हा पत्ता अमुक पोर्टवर' अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. पत्ता ४८ बिटांचा. त्यातले पहिले २४ उत्पादकाला नेमून दिलेले. पुढे त्या पत्त्याच्या नावाने काही आले की ते त्याच पोर्टवर धाडले जाते. पत्ता तक्त्यात नसेल, तर ज्या पोर्टमधून फ्रेम आली तो वगळून बाकी सगळ्या पोर्टांवर ती पाठवायची. बराच वेळ त्या पत्त्याकडून काही आले नाही की नोंद पुसायची. बहुतेक स्विचवर ही मुदत ३०० सेकंदांची असते. संपले. या सगळ्या व्यवहारात पाठवणाऱ्याने सांगितलेला पत्ता खरा की खोटा हे पाहण्याची पायरी कुठेच नाही. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत पाहुणा मनाला येईल ते नाव लिहितो आणि वॉचमन वही मिटून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

तक्त्याची जागाही बेताची असते. साध्या स्विचमध्ये आठ हजार, सोळा हजार नोंदी. १९९९ मध्ये इयान व्हिटेक यांनी मॅकऑफ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. ती बनावट पत्त्यांच्या फ्रेमांचा असा मारा करते की काही क्षणांत तक्ता भरतो. भरलेल्या तक्त्यात नव्या पत्त्यांना जागा उरत नाही. मग त्यांच्या नावची प्रत्येक फ्रेम सगळ्या पोर्टांवर जाऊ लागते आणि महागडा स्विच हबासारखा वागायला लागतो. डग साँग यांच्या डीस्निफ या साधनसंचात ही युक्ती सामील झाली आणि एका पोर्टवर बसून शेजाऱ्याचे ऐकणे विद्यार्थ्यांनाही जमू लागले.

यावरचा पहिला उपाय म्हणजे पोर्ट सिक्युरिटी. एका पोर्टवर किती मॅक पत्ते चालतील आणि कोणते, हे बांधून टाकायचे. सिस्कोच्या स्विचवर ती सुरू करताच मुळातली मर्यादा एका पत्त्याची असते आणि ती ओलांडली की पोर्ट बंद. बंद म्हणजे नुसता अडवलेला नव्हे. तो 'एरर-डिसेबल्ड' अवस्थेत जातो आणि ॲडमिनने येऊन उठवल्याशिवाय, किंवा तशी मुदत आधी घालून ठेवल्याशिवाय, उठत नाही. याहून सौम्य असे दोन पर्याय आहेत: 'प्रोटेक्ट' अनोळखी फ्रेम गुपचूप टाकून देतो, 'रिस्ट्रिक्ट' टाकून देतो आणि तशी नोंदही करतो. माझ्या मते नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'रिस्ट्रिक्ट'पासून सुरुवात करावी. थेट 'शटडाउन' लावणाऱ्या कार्यालयात पहिल्या आठवड्यात जे सापडतात ते घुसखोर नसतात. टेबल बदललेल्या लेखनिक बाई असतात, आपला लॅपटॉप सभागृहात लावू पाहणारे साहेब असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दुसऱ्या आठवड्यात साहेबांच्याच आदेशाने सगळी यंत्रणा बंद.

'स्टिकी' ही सोय याच कटकटीतून आली. पहिल्यांदा जो पत्ता दिसेल तो स्विच स्वतःच चिकटवून घेतो, हाताने टंकायला नको. फक्त चालू संरचना जतन करायची राहून गेली आणि वीज गेली, की चिकटलेले सगळे सुटते आणि स्विच पुन्हा पहिल्या येणाऱ्याला जावई करून घेतो. हे झाले सोयीचे. तत्त्वाचा मुद्दा वेगळा: मॅक पत्ता ही ओळख नव्हे. तो प्रिंटरच्या पाठीमागच्या लेबलवर छापलेला असतो आणि कोणत्याही लॅपटॉपवर एका आज्ञेत बदलता येतो. ॲपलने २०२० पासून आणि अँड्रॉइडने त्याच्या वर्षभर आधीपासून फोनला वायफायवर मुद्दाम बनावट पत्ते वापरायला शिकवले, तेही मालकाची खासगी माहिती जपण्यासाठी. पोर्ट सिक्युरिटीने तक्ता भरून टाकण्याचा हल्ला थांबतो आणि एका पोर्टवर चार यंत्रे लटकवण्याची सवय थांबते. 'हा कोण' याचे उत्तर मात्र मिळत नाही.

पोर्टवर येणारा बहुतेकदा चोर नसतो, हे सूत्र पुढच्या दोन प्रकरणांतही भेटेल. डीएचसीपी ही आयपी पत्ते वाटणारी सेवा आहे. १९९७ च्या प्रमाणकानुसार यंत्र मोठ्याने विचारते, 'मला पत्ता कोण देईल?' आणि पहिले उत्तर देईल त्याचे बहुधा मानते. हल्लेखोर स्वतः उत्तरे देऊन सगळ्यांची वाहतूक आपल्याकडून वळवू शकतो, हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण. प्रत्यक्षात काय घडते? वसतिगृहातला एखादा मुलगा खोलीत वायफाय हवे म्हणून घरचा राउटर आणतो आणि भिंतीतली केबल चुकून त्याच्या निळ्या किंवा पिवळ्या लॅन पोर्टांपैकी एकात खोचतो. राउटर इमानेइतबारे पत्ते वाटू लागतो. तासाभरात मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मिळालेले असतात आणि कोणाचेच इंटरनेट चालत नसते. मुलगा निवांत झोपलेला असतो. डीएचसीपी स्नूपिंग म्हणजे स्विचला एवढेच सांगणे की पत्तेवाटपाचे उत्तर फक्त या एका विश्वासू पोर्टवरून आले तरच पुढे जाऊ दे. शिवाय कोणत्या पोर्टवर कोणाला कोणता पत्ता दिला याचा तक्ता स्विच त्या ओघात तयार करतो आणि १९८२ पासून जशीच्या तशी भाबडी राहिलेली, आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणारी एआरपी ही पद्धत त्याच तक्त्यावरून तपासता येते. म्हणून स्नूपिंग आधी आणि एआरपीची तपासणी नंतर. क्रम उलटा केला तर तपासणीपुढे तक्ताच नसतो आणि ती सगळ्यांनाच खोटे ठरवते.

दुसरे प्रकरण फेऱ्यांचे. एकाच केबलची दोन्ही टोके कोणी भिंतीतल्या दोन सॉकेटांत लावली, तर फ्रेम गोल गोल फिरत राहतात. स्पॅनिंग ट्री हे रोखते, पण तिलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडले होते, ते स्पॅनिंग ट्रीची गणिते हाताबाहेर गेल्यामुळे. कोणी हल्ला केला नव्हता. डॉक्टर आणि परिचारिका पुन्हा कागदावर औषधे लिहू लागले. टेबलाखालच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचे निरोप पाठवणारा दुसरा स्विच जोडला जाताच तो पोर्ट बंद करणारी बीपीडीयू गार्ड ही एका ओळीची सोय आहे, आणि ती न लावण्याला मला तरी कारण दिसत नाही.

आता ओळखीकडे. ८०२.१एक्स हे प्रमाणक आयईईईने २००१ मध्ये प्रसिद्ध केले आणि या विषयाचा मध्यबिंदू तेच आहे. कल्पना अशी की पोर्ट भौतिकदृष्ट्या जोडला गेला तरी तर्कदृष्ट्या बंदच राहील. त्यातून फक्त एकाच प्रकारची फ्रेम जाऊ शकेल, ती म्हणजे ओळख पटवण्याची. स्विच विचारतो, 'कोण?' यंत्रावरची आज्ञावली उत्तर देते. गंमत अशी की स्विचला त्या उत्तरातले फारसे काही कळत नाही आणि कळायची गरजही नाही. तो ते उचलून रेडियस सर्व्हरकडे पोहोचवतो, तिथला प्रश्न यंत्राकडे आणतो. पासवर्ड असो की प्रमाणपत्र, खरी परीक्षा त्या दोघांत होते. अखेर सर्व्हर 'स्वीकार' म्हणतो आणि त्याच उत्तरात अनेकदा एक क्रमांकही पाठवतो: या माणसाला अमुक व्हीलॅनमध्ये, म्हणजे आभासी जाळ्यात, टाक. लेखा विभागातली बाई ग्रंथालयात बसून लॅपटॉप लावते, तरी तिला मिळते ते लेखा विभागाचे जाळे. भिंतीतल्या सॉकेटला स्वतःचा हुद्दा उरत नाही. हुद्दा माणसाबरोबर चालतो. ही कल्पना पहिल्यांदा पूर्ण समजते तेव्हा या विषयाची गोडी लागते, असा शिकवतानाचा अनुभव आहे.

रेडियसचा जन्म मात्र जुन्या जगातला. लिव्हिंगस्टन कंपनीने १९९१ मध्ये ते टेलिफोनवरून डायल करून येणाऱ्या ग्राहकांसाठी बनवले. त्यात वापरलेली एमडी५ ही पद्धत मोडीत निघून बराच काळ लोटला, तरी रेडियस तसेच चालत राहिले. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी 'ब्लास्ट-रेडियस' या नावाने त्यातली फट दाखवली, तेव्हा सगळ्या उत्पादकांची धावपळ उडाली. ८०२.१एक्सलाही अशीच एक फट आहे. ओळख पटते ती दार उघडताना, पुढच्या प्रत्येक फ्रेमची नव्हे. अधिकृत यंत्र आणि स्विच यांच्यामध्ये कोणी साधा हब बसवला, तर अधिकृत यंत्राने उघडलेल्या दारातून दुसराही घुसतो. त्यावरचे उत्तर म्हणजे २००६ चे मॅकसेक प्रमाणक. त्यात प्रत्येक फ्रेमला कुलूप लागते. ते अजून सगळ्या स्वस्त स्विचांवर मिळत नाही, आणि मिळते तिथेही लावलेले फारसे दिसत नाही.

तारेच्या जाळ्यासाठी घडवलेले ८०२.१एक्स फुलले मात्र बिनतारी जाळ्यात. वायफायमध्ये भिंत नसल्यामुळे विचारल्यावाचून गत्यंतरच नव्हते. विद्यापीठांची एड्युरोम ही जागतिक सोय याच पायावर उभी आहे. भारतात तिचा कारभार अर्नेट पाहते. पुण्या-मुंबईचा संशोधक युरोपातल्या विद्यापीठात लॅपटॉप उघडतो आणि त्याच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरला विचारून तिथले वायफाय त्याला आत घेते. त्याच संशोधकाच्या इकडच्या कार्यालयातल्या भिंतीच्या सॉकेटला मात्र अनेकदा कोणीही केबल लावावी आणि आत यावे.

असे का? सांगतो, कारण हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. यंत्रावर ८०२.१एक्सची आज्ञावलीच नसेल, तर स्विचच्या 'कोण?'ला उत्तर येत नाही. सिस्कोच्या अनेक स्विचवर मुळातली मांडणी अशी की प्रश्न ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा विचारायचा. म्हणजे दीड मिनिट. तेवढ्या वेळात प्रिंटर पत्ता मागून थकलेला असतो, नेटवर्कवरून सुरू होणारा संगणक काळ्या पडद्यावर चूक दाखवून थांबलेला असतो आणि वापरणारा हेल्पडेस्कला फोन लावत असतो. दीड मिनिटानंतर स्विच हार मानतो आणि 'बरं, निदान मॅक पत्ता तरी ओळखीचा आहे का' हे बघतो. याला मॅब म्हणतात. ओळखीचा असेल तर दार उघडते. म्हणजे ज्या खोटे बोलू शकणाऱ्या पत्त्यापासून आपण निघालो, त्याच्यापाशीच परत. आणि मॅबच्या यादीत कोण कोण असते? प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे, हजेरीची यंत्रे, जुने एक्सरे यंत्र, लिफ्टचा नियंत्रक, मजल्यावरचा प्रोजेक्टर. कोणत्याही संस्थेत ही यादी अंदाजापेक्षा लांब निघते. प्रत्येक नोंद कोणाच्या तरी तातडीच्या फोनवर झालेली असते, आणि नंतर काढून टाकण्याची आठवण कोणालाच नसते.

माझे म्हणणे इथे स्पष्ट मांडतो. या क्षेत्रात प्रमाणकांची वाण नाही. वाण आहे ती अपवादांची नीट वही ठेवणाऱ्याची. स्विचला प्रश्न विचारायला शिकवता येते; आलेले उत्तर कशाशी ताडून पाहायचे हे त्याला आपणच द्यायचे असते, आणि तिथे आपली पाटी कोरी.

अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीमधून सुमारे ५०० मेगाबाइट माहिती चोरीला गेल्याचे एप्रिल २०१८ मध्ये लक्षात आले. जून २०१९ च्या महानिरीक्षकांच्या अहवालात म्हटले आहे की हल्लेखोर परवानगीशिवाय नेटवर्कला जोडलेल्या एका रास्पबेरी पायच्या वाटेने आत आला. हाताच्या पंजात मावणारा, शाळकरी मुले वापरतात तो संगणक. चोरलेल्या २३ फाइलींपैकी दोन मंगळमोहिमेशी संबंधित, निर्यातनिर्बंध असलेल्या होत्या. अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी ओळ चोरीची नाही, एका ॲडमिनच्या जबाबाची आहे: नवी यंत्रे नोंदवहीत टाकायची असतात, पण नोंदवहीची प्रणाली कधी कधी चालत नाही आणि मग नंतर ते राहून जाते. मंगळावर गाडी उतरवणाऱ्या संस्थेतला हा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

कोणी हेतुपुरस्सर यंत्र आणून लावले तर काय होते, हे पूर्व युरोपातल्या बँकांनी अनुभवले. कॅस्परस्कीने २०१८ च्या अखेरीस 'डार्कविष्ण्या' या नावाने जे प्रकार उघड केले, त्यात किमान आठ बँकांत कोणीतरी उमेदवार, कुरिअरवाला किंवा अभ्यागत म्हणून गेले आणि सभाकक्षातल्या सॉकेटला स्वस्त लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय जोडून निघून आले. फायरवॉल पुढच्या दाराशी राखण करत उभा, आणि पाहुणा आधीच दिवाणखान्यात.

बांगलादेश बँकेची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे: फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या तिच्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्सला गेले, आणि बेत जवळजवळ ९५ कोटींचा होता. त्यातला स्विचचा भाग मात्र थोड्यांनी वाचला. ढाक्याच्या मुख्यालयातली स्विफ्टची, म्हणजे आंतरबँक संदेश पाठवणाऱ्या प्रणालीची, खोली साधारण बारा फूट बाय आठ फूट, बिनखिडकीची. तपास अधिकाऱ्याने वृत्तसंस्थेला सांगितले की या खोलीतली यंत्रे जुन्या बाजारातल्या दहा डॉलरच्या स्विचांनी जोडलेली होती. असल्या स्विचला व्हीलॅन करता येत नाही, म्हणून स्विफ्टची यंत्रे बाकी जाळ्यापासून वेगळी काढता आली नाहीत. आणि तो काही नोंदी ठेवत नाही, म्हणून चोर कोणत्या वाटेने फिरला हे शोधणेही अवघड गेले. चोर आत आला तो स्विचमुळे नव्हे, हे खरे. आत आल्यावर त्याला अडवायला आणि पाहायला कोणी नव्हते, ते स्विचमुळे.

उरला स्वतः स्विच. त्याच्यावर कोण हुकूम चालवतो, हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो मी इथे थोडक्यात उरकतो, कारण पुस्तकात त्याला भरपूर जागा दिली आहे. स्विच दुरून चालवण्याचे जुने साधन टेलनेट पासवर्ड उघड्यावर पाठवते, तरी आजही अनेक रॅकमध्ये ते चालू सापडते. तातू इल्योनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात एसएसएच हा सुरक्षित पर्याय लिहिला तोच मुळी विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. सिस्कोच्या संरचनेत 'टाइप ७' म्हणून दिसणारा पासवर्ड कोड्यासारखा भासतो, पण तो क्षणात उलगडतो. संरचनेची फाइल कोणाला ईमेल करताना याचा विसर पडू नये. सिस्कोच्या पुष्कळ कॅटलिस्ट स्विचवर समोरचे मोड बटण दाबून धरत वीज दिली की पासवर्ड बदलण्याची वाट मोकळी होते, तेव्हा कपाटाला कुलूप हाही प्रवेश-नियंत्रणाचाच भाग. आणि एप्रिल २०१८ मध्ये इराण आणि रशियातल्या स्विचांचे जे झाले ते तर प्रत्येक वर्गात सांगावे. नवा स्विच आपोआप बसावा म्हणून सिस्कोने दिलेली 'स्मार्ट इन्स्टॉल' ही सोय ४७८६ या टीसीपी पोर्टवर कोणाचीही आज्ञा ओळख न विचारता ऐकत असे. इंटरनेटवर उघडे पडलेले स्विच शोधून हल्लेखोरांनी त्यांची संरचना पुसली आणि तिथे अमेरिकेच्या झेंड्याचे अक्षरचित्र काढून ठेवले. इराणने आपल्याकडचे सुमारे साडेतीन हजार स्विच बाधित झाल्याचे सांगितले. ती सोय त्यातल्या बहुतेकांना लागतही नव्हती. डब्यातून निघाली तेव्हापासून चालू होती, एवढेच.

आपल्याकडे हा विषय आता आवडीनिवडीचा राहिलेला नाही. नागरी सहकारी बँकांसाठी, ज्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. तिच्यात संगणकीय मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ठेवण्याची अट अगदी आरंभी येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी नोंदी १८० दिवस जपणे, घटना सहा तासांत कळवणे आणि घड्याळे जुळवणे बंधनकारक केले. स्विचची स्वतःची नोंदींची जागा काही किलोबाइटची असते आणि वीज गेली की ती कोरी होते. म्हणजे नोंदी साठवणारा सिसलॉग सर्व्हर आणि बरोबर घड्याळ या दोन कंटाळवाण्या गोष्टींवाचून ही अट पाळणे शक्यच नाही. तालुक्याच्या गावी तीन शाखा असलेल्या पतसंस्थेला हे जमेल का, असे विचारले जाते. जमते. सर्व्हरसाठी फ्रीरेडियस फुकट आहे, फ्रेम उघडून पाहायला वायरशार्क फुकट आहे, आणि व्यवस्थापन करता येणारा जुना स्विच पुण्याच्या किंवा मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारात मिळतो. बांगलादेशातला दहा डॉलरचा स्विच जुना होता म्हणून नडला नाही, त्याला काही सांगताच येत नव्हते म्हणून नडला.

विद्यार्थ्याला एक व्यावहारिक सूचना. मॅकऑफसारखी साधने फक्त स्वतःच्या, इतर जाळ्यापासून तोडलेल्या स्विचवर चालवावीत. महाविद्यालयाच्या जाळ्यावर केलेला 'प्रयोग' माहिती तंत्रज्ञान कायद्यात प्रयोग ठरत नाही. आणि नोकरीत पहिल्यांदा ८०२.१एक्स लावायची वेळ येईल तेव्हा ते आधी नुसते ऐकण्याच्या रीतीने लावावे: स्विच विचारेल, सर्व्हर नोंद ठेवेल, पण दार कोणालाच बंद होणार नाही. काही आठवडे त्या नोंदी वाचाव्यात. कोणती यंत्रे उत्तर देत नाहीत, कोणाची प्रमाणपत्रे संपली आहेत, कोणत्या पोर्टवर कोणालाही माहीत नसलेले काहीतरी बोलते आहे, हे सगळे तिथे दिसते. या टप्प्याला वरिष्ठ 'नुसता वेळ घालवणे' म्हणतात. तो वगळलेला प्रकल्प यशस्वी झालेला मी पाहिलेला नाही.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे, ही विनंती. आपल्या ताब्यातल्या कोणत्याही एका स्विचवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' ही आज्ञा द्यावी, निघालेला तक्ता छापून घ्यावा आणि हातात विजेरी घेऊन एकेका पोर्टची केबल शेवटपर्यंत शोधावी. प्रत्येक पत्त्यासमोर यंत्राचे नाव, जागा आणि ते कोणाच्या सांगण्यावरून लावले, हे लिहावे. ज्या ओळी कोऱ्या राहतील त्या पेन्सिलने अधोरेखित करून कागद पुस्तकात ठेवावा. पुढची सगळी प्रकरणे त्या ओळींसाठीच लिहिली आहेत.